नाव, कूळ आणि आवृत्ती : एक प्रस्तावना

जमिनीचा कोणताही कागद हाती घेतला, तर त्याच्या शिरोभागी मौजा, तालुका आणि जिल्हा या तीन गोष्टी प्रथम लिहिलेल्या असतात, आणि त्या वाचल्याखेरीज खालचा मजकूर कितीही सुवाच्य असला तरी त्याला व्यवहारात काही किंमत नसते, हे मोताळ्यासारख्या तालुक्याच्या गावी राहणाऱ्या कोणालाही वेगळे सांगावे लागत नाही. वऱ्हाडातील जुन्या दप्तरांच्या बाबतीत तर याहूनही अधिक दक्षता बाळगावी लागते. कारण १८५३ साली निजामाने इंग्रजांच्या हवाली केलेला, १९०३ पासून मध्य प्रांताच्या कारभाराला जोडलेला, स्वातंत्र्यानंतर मध्य प्रदेशात, १९५६ मध्ये द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आलेला हा मुलूख जरी तोच राहिला, तरी त्याच्यावरील अंमल, कागदांचे नमुने आणि नियम मात्र पालटत गेले, आणि त्यामुळे एखादी नोंद कोणत्या अमलातील, कोणत्या नमुन्यावरची आणि कोणाच्या सहीशिक्क्याची आहे हे आधी ठरवून मगच तिचा आशय ग्राह्य धरावा, अशी शहाणी वहिवाट येथे पडली. प्रस्तुत पुस्तिकेचा विषय वरवर पाहता या दप्तरांपासून फार दूरचा आहे. परंतु ज्या गरजेतून ती वहिवाट जन्मली, त्याच गरजेतून या विषयाचाही जन्म झालेला असल्यामुळे, संगणकाच्या शास्त्राशी ज्यांचा परिचय बेताचा आहे अशा वाचकांनाही तो सहज आपलासा वाटेल अशी मला आशा आहे.

विषय असा : संगणक चालू होताच त्याच्या साऱ्या अवयवांचा कारभार जी हाती घेते, त्या कार्यप्रणालीने, म्हणजेच ऑपरेटिंग सिस्टिमने, आपले नाव, आपली आवृत्ती आणि आपला निर्माता कोण हे कोठे व कोणत्या स्वरूपात लिहून ठेवावे? ज्या प्रणालीचा निर्माता एकच असतो, तिच्यापुरता हा प्रश्न त्या निर्मात्याने आपल्या घरात सोडवावयाचा असतो. परंतु लिनक्सची गोष्ट निराळी आहे. लिनस टॉरवाल्ड्स यांनी १९९१ साली जे प्रसिद्ध केले ते केवळ गाभ्याचे काम होते. त्या गाभ्याभोवती आज्ञा, ग्रंथालये, खिडक्यांची मांडणी आणि नाना उपयोगांचे कार्यक्रम गोळा करून, त्यांची परस्परांशी सांगड घालून, एक संपूर्ण वापरण्याजोगी प्रणाली लोकांच्या हाती देण्याचे काम निरनिराळ्या मंडळींनी आपापल्या मताप्रमाणे केले, आणि अशा प्रत्येक सिद्ध संचाला डिस्ट्रिब्यूशन, म्हणजे वितरण, हे नाव पडले. १९९३ साली पॅट्रिक व्होल्कर्डिंग यांचे स्लॅकवेअर आणि इयन मर्डॉक यांचे डेबियन निघाले. पाठोपाठ रेड हॅट व सुसे आले. पुढे डेबियनपासून उबुंटू निघाले, उबुंटूपासून मिंट निघाले, आणि हा वंशविस्तार अद्यापि थांबलेला नाही. गाभा सर्वांचा एक, परंतु कार्यक्रम कोठून आणावयाचे, कोणत्या आज्ञेने बसवावयाचे, त्यांच्या फाइली कोठे ठेवावयाच्या आणि दोषदुरुस्ती किती वर्षे पुरवावयाची, या सर्व बाबतींत प्रत्येक घराण्याची रीत वेगळी.

गाभ्याला त्याचे नाव विचारण्याची सोय फार जुनी आहे. ‘यूनेम’ ही आज्ञा युनिक्सच्या काळापासून चालत आलेली असून पॉझिक्स मानकाने तिला रीतसर स्थान दिले. ती गाभ्याचे नाव, त्याची आवृत्ती आणि यंत्राची जात इमानाने सांगते. पण त्या गाभ्याभोवतीचा संसार डेबियनचा आहे की रेड हॅटचा, हे सांगणे तिच्या अधिकाराबाहेरचे आहे. ते सांगण्यासाठी प्रत्येक वितरणाने आपापल्या परीने ‘एटसी’ या निर्देशिकेत एकेक फाइल ठेवण्यास आरंभ केला. रेड हॅटची ‘रेडहॅट-रिलीज’, सुसेची ‘सुसे-रिलीज’, स्लॅकवेअरची ‘स्लॅकवेअर-व्हर्जन’, डेबियनची ‘डेबियन-व्हर्जन’, जेंटूची ‘जेंटू-रिलीज’, अशी ही नामावळी वाढत गेली; आणि नावे भिन्न होती त्याहून अधिक त्यांतील मजकूर भिन्न होता. कोणी एक पूर्ण वाक्य लिही, कोणी नुसता आकडा लिही, कोणी फाइल रिकामीच ठेवी व तिचे अस्तित्व हीच आपली ओळख मानी. शिवाय रेड हॅटपासून निघालेली वितरणे जुन्या कार्यक्रमांची गैरसोय होऊ नये म्हणून आपल्या घरातही ‘रेडहॅट-रिलीज’ याच नावाची फाइल ठेवीत, आणि त्यामुळे फाइल सापडली म्हणून रेड हॅट सापडले असे छातीठोकपणे म्हणता येत नसे.

या अव्यवस्थेची झळ कोणाला पोहोचली, हे नीट ध्यानात घेतले पाहिजे. कार्यक्रम लिहिणाऱ्या प्रत्येक इसमाला, आपला कार्यक्रम ज्या यंत्रावर बसवला जात आहे ते कोणत्या घराण्याचे आहे हे ओळखण्यासाठी, या साऱ्या फाइली एकामागून एक धुंडाळणारी अनुमानांची लांबलचक माळ लिहावी लागे, आणि कोणी नवे वितरण काढले की ती माळ अपुरी पडे. पायथॉन या भाषेने ही ओळख पटवण्याचे काम करणारे एक साधन आपल्या पोटात बाळगले होते. परंतु असे अनुमान भाषेच्या गाभ्यात राहून यथार्थ ठेवणे अशक्य आहे हे अनुभवाने पटल्यावर, प्रथम ते त्याज्य ठरवण्यात आले आणि ३.८ या आवृत्तीत काढूनच टाकण्यात आले. ही झाली विद्वानांची अडचण. तालुक्याच्या गावी संगणक सांभाळणाऱ्या तरुणाची अडचण याहून निकडीची असते. सेवा केंद्रातील किंवा शाळेतील यंत्र अडले, आणि त्याने दूरध्वनीवरून पुण्याच्या वा नागपूरच्या जाणकाराची मदत मागितली, तर पलीकडून पहिला प्रश्न हमखास असा येतो की, यंत्रावर कोणती प्रणाली आहे व तिची आवृत्ती कोणती. ‘लिनक्स आहे’ एवढे उत्तर पुरत नाही. कारण डेबियनच्या घराण्यात ‘एपीटी’ने जे काम होते ते रेड हॅटच्या घराण्यात ‘डीएनएफ’ने करावे लागते, आणि एका आवृत्तीला दिलेला उपाय दुसऱ्या आवृत्तीत अपाय ठरण्याचा संभव असतो. ज्याच्या शेजारी जाणकार बसलेला आहे, त्याचे अनुमानावर भागते. ज्याला जाणकार गाठण्यासाठी घाट चढून बुलढाण्यास किंवा आगगाडी धरण्यासाठी मलकापूरला जावे लागते, त्याला मात्र यंत्रानेच आपली ओळख नेमकी सांगावी लागते. प्रमाणीकरणाचा लाभ प्रथम केंद्रापासून दूर असलेल्यास होतो, आणि हेच या पुस्तिकेचे मुख्य प्रतिपादन आहे.

सुधारणेचा पहिला मोठा प्रयत्न ‘लिनक्स स्टँडर्ड बेस’ या नावाने झाला. फ्री स्टँडर्ड्स ग्रुप या संस्थेने त्याची पहिली आवृत्ती २००१ साली प्रसिद्ध केली, आणि ती संस्था २००७ मध्ये लिनक्स फाउंडेशनमध्ये विलीन झाल्यावर ते कार्य तिकडे गेले. या मानकाने ‘एलएसबी-रिलीज’ नावाची एक आज्ञा ठरवून दिली व तिच्याद्वारे वितरकाचे नाव, वर्णन, आवृत्ती आणि सांकेतिक नाव विचारण्याची सोय केली. कल्पना उत्तम होती. परंतु ते एका फार विशाल तहनाम्यातील एक लहानसे कलम होते. त्या तहनाम्यात कोणती ग्रंथालये असावीत येथपासून कार्यक्रमांच्या गाठोड्याचे स्वरूप रेड हॅटच्या पद्धतीचे असावे येथपर्यंत कित्येक अटी होत्या, आणि त्या सर्वांना मान्य होण्याजोग्या नव्हत्या. केवळ नाव विचारण्यासाठी ती आज्ञा बसवावी, तर कित्येक ठिकाणी तिच्याबरोबर अन्य सामग्रीचा मोठा लवाजमा यंत्रावर उतरे. आणि ती बसवलेली नसली, तर नाव विचारण्याचा मार्गच खुंटे. मानकाची ५.० ही आवृत्ती २०१५ मध्ये निघाली, आणि त्याच वर्षी डेबियनने त्याचा बहुतेक भाग आपल्या संग्रहातून काढून टाकला. मोठ्या करारात गुंतलेली लहान गोष्ट त्या कराराबरोबर बुडते, हा धडा या इतिहासातून घ्यावयाचा आहे.

दुसरा प्रयत्न यशस्वी झाला तो मुख्यतः त्याच्या अल्पसंतुष्टतेमुळे. लेनर्ट पॉटरिंग आणि के सीव्हर्स यांच्या ‘सिस्टिमडी’ या प्रकल्पातून ‘ओएस-रिलीज’ या नावाची एक साधी फाइल पुढे आली, आणि २०१२ च्या आरंभापर्यंत मोठ्या वितरणांपैकी बहुतेकांनी ती स्वीकारली. २०१३ च्या डेबियन ७ मध्ये ती होती, २०१४ च्या रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ७ मध्ये ती आली, आणि सुसेने पुढे आपली जुनी फाइल निकालात काढून हिच्यावरच भिस्त ठेवली. इतकेच नव्हे, तर लिनक्सच्या कुळाबाहेरच्या फ्रीबीएसडीनेही १३.० या आवृत्तीपासून तिचा अंगीकार केला. तिच्यासाठी काहीही बसवावे लागत नाही, कोणतीही आज्ञा चालवावी लागत नाही. डावीकडे नाव, मध्ये बरोबरीचे चिन्ह, उजवीकडे मूल्य, अशा काही ओळी असलेली ही फाइल माणसाला डोळ्यांनी आणि कार्यक्रमाला यंत्ररीतीने सारख्याच सुलभतेने वाचता येते.

तिच्या रचनेतील विचार मात्र तिच्या आकारापेक्षा पुष्कळ मोठा आहे. सर्वांत महत्त्वाचा भेद तिने केला तो माणसासाठी लिहिलेले नाव आणि यंत्रासाठी लिहिलेले नाव यांच्यामध्ये. ‘नेम’ व ‘प्रिटी-नेम’ या ओळींत वितरकाने आपले नाव यथारुचि, मोठ्या-लहान अक्षरांत, सांकेतिक नावासह मिरवावे. परंतु ‘आयडी’ या ओळीत केवळ लहान रोमन अक्षरे, अंक आणि तीनच चिन्हे चालतात, आणि ती ओळ एकदा ठरली की कायम राहावी अशी अपेक्षा असते. तसेच ‘व्हर्जन’ ही ओळ वाचकासाठी आणि ‘व्हर्जन-आयडी’ ही ओळ कार्यक्रमासाठी. हा भेद नव्हता तोवर, वितरकाने जाहिरातीच्या सोयीसाठी नावात एखादा शब्द वाढवला की शेकडो कार्यक्रमांची अनुमाने कोसळत. तो केल्यावर नाव सजवण्याचे स्वातंत्र्य आणि ओळख स्थिर ठेवण्याची जबाबदारी या दोन्ही गोष्टी एकाच दप्तरात निर्वेधपणे नांदू लागल्या. दुसरा विचार मालकीचा आहे. मूळ नोंद ‘यूएसआर’ या निर्देशिकेखालच्या ‘लिब’मध्ये, म्हणजे वितरकाच्या हद्दीत राहते, आणि ‘एटसी’त बहुधा तिच्याकडे बोट दाखवणारा दुवा असतो, यंत्राच्या कारभाऱ्याला आपल्या अधिकारात काही वेगळे लिहावयाचे असेल तर ‘एटसी’तील नोंद आधी वाचली जाते, परंतु तेवढ्याने वितरकाची मूळ नोंद नष्ट होत नाही.

तिसरा विचार वंशाचा, आणि आपल्या दृष्टीने तो सर्वांत जिव्हाळ्याचा. ‘आयडी-लाइक’ या ओळीत वितरणाने आपले पूर्वज, जवळचा प्रथम या क्रमाने, सांगावयाचे असतात. उबुंटू तेथे डेबियनचे नाव लिहिते. अल्मालिनक्स रेड हॅट, सेंटओएस आणि फेडोरा अशी परंपरा सांगते. त्यामुळे एखाद्या कार्यक्रमाला नवे वितरण नावाने ठाऊक नसले, तरी त्याच्या कुळावरून त्याच्याशी कसे वागावे हे त्याला समजते, आणि लहान वितरणाला ओळख मिळवण्यासाठी मोठ्याचे सोंग घ्यावे लागत नाही. भारतातील उदाहरण घ्यावयाचे तर ‘भारत ऑपरेटिंग सिस्टिम सोल्यूशन्स’, अर्थात ‘बॉस’, याचे घ्यावे. ज्या सी-डॅक संस्थेने ते २००७ मध्ये प्रथम प्रसिद्ध केले, तिची स्थापना १९८८ साली पुण्यात झाली. तिचे संस्थापक-संचालक डॉ. विजय भटकर हे आमच्या शेजारच्या अकोला जिल्ह्यातले, आणि त्यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये सिद्ध झालेल्या परम ८००० या महासंगणकाचा वऱ्हाडला वाटणारा अभिमान अजून ओसरलेला नाही. ‘बॉस’ हे डेबियनपासून निघालेले असून, अनोखा, अनुप, दृष्टी, उन्नती अशी देशी नावे त्याच्या आवृत्त्यांना मिळाली आहेत. अशा वितरणाने आपले स्वतंत्र नाव अभिमानाने सांगावे आणि त्याच वेळी डेबियनचे ऋण त्या एका ओळीत स्पष्ट नोंदवावे, यात कमीपणा काहीच नाही. उलट, त्या ओळीमुळेच डेबियनसाठी लिहिलेले हजारो कार्यक्रम त्याच्या दाराशी येऊन परत न फिरता आत प्रवेश करू शकतात.

परंतु प्रमाणित नोंद म्हणजे सर्व दुःखांवरचे औषध नव्हे, आणि या पुस्तिकेने तसा भ्रम कोणाला घालू नये असे मला तळमळीने वाटते. पहिली मर्यादा वाचणाऱ्याच्या वर्तनाची आहे. जुलै २०११ मध्ये लिनक्सच्या गाभ्याची आवृत्ती २.६.३९ वरून ३.० वर गेली. आकडा बदलला, अंतरंगात क्रांती अशी काही झाली नव्हती. तथापि आवृत्तीचा आरंभ २.६ ने होणारच असे गृहीत धरून बसलेले कार्यक्रम इतके निघाले की, विचारणाऱ्याला २.६.४० व त्यापुढचे आकडे सांगण्याची एक खास सवलत गाभ्यातच ठेवावी लागली. मॅकओएस २०२० साली ११ या आवृत्तीला पोहोचले, तेव्हा जुन्या साधनांनी बांधलेल्या कार्यक्रमांना ते स्वतःची आवृत्ती १०.१६ अशी सांगत असे. आणि विंडोज ८.१ पासून, आपण नव्या आवृत्तीसाठी सिद्ध आहोत असे ज्या कार्यक्रमाने आगाऊ जाहीर केलेले नसते, त्याला विंडोज ८ चाच आकडा मिळतो. म्हणजे जगातील तीन मोठ्या घराण्यांना, विचारणाऱ्यांच्या उतावळ्या तर्कापायी, आपल्याविषयी असत्य सांगण्याची पाळी आली. यातून निघणारा नियम साधा आहे : प्रणालीत अमुक सोय आहे किंवा नाही हे जाणावयाचे असेल तर ती सोयच तपासावी, नाव व आवृत्ती यांचा उपयोग मदत मागण्यासाठी, योग्य भांडार निवडण्यासाठी आणि दोषांची रुजुवात घेण्यासाठी करावा.

दुसरी मर्यादा लिहिणाऱ्याच्या परिस्थितीची आहे. आर्चसारखी वितरणे अखंड वाहत्या स्वरूपाची असल्याने त्यांना आवृत्तीचा आकडाच नसतो, आणि ती ‘व्हर्जन-आयडी’ ही ओळ लिहीतच नाहीत. खोटा आकडा लिहिण्यापेक्षा ओळ वगळणे हे प्रामाणिकपणाचे आहे, आणि मानकाने त्यास मुभा ठेवली आहे हे त्याचे भूषण आहे. डेबियनच्या चाचणी शाखेचे यंत्र आणि अस्थिर शाखेचे यंत्र यांचा भेद मात्र केवळ या फाइलीवरून ओळखू येत नाही, कारण दोन्ही शाखांत तीच फाइल वाहत येते. याविषयी तेथील जाणत्यांत दीर्घकाळ मतभेद आहेत. तिसरी मर्यादा काळाची. सेंटओएस ८ चे आयुष्य २०२९ पर्यंत आहे अशा भरवशावर अनेकांनी आपली यंत्रे उभारली, आणि ८ डिसेंबर २०२० रोजी जाहीर झाले की ते ३१ डिसेंबर २०२१ लाच संपेल. फाइलीतील नाव आणि आवृत्ती त्या दिवसानंतरही जशीच्या तशी खरी होती. परंतु त्या नावामागे दोषदुरुस्तीची हमी उरलेली नव्हती. म्हणून पुढे या मानकात ‘सपोर्ट-एंड’ ही मुदत सांगणारी ओळ आली, आणि निर्मात्याचे नाव व पत्ता सांगणाऱ्या ‘व्हेंडर’च्या ओळीही आल्या. ज्ञात दोषांच्या जागतिक याद्यांशी प्रणालीचा मेळ घालण्यासाठी ‘सीपीई’ या संकेताची ओळ तर त्यात पूर्वीपासूनच आहे. एखादा धोकादायक दोष उघडकीस आला म्हणजे आपल्या दहा यंत्रांपैकी कोणत्या यंत्रांना त्याची बाधा आहे, हे ज्याला तासाभरात सांगता येते त्याचे काम सुरक्षित राहते.

मराठी वाचकाला आणखी एक गोष्ट आवर्जून सांगितली पाहिजे. या फाइलीची अक्षरलिपी यूटीएफ-८ आहे. म्हणजे ‘प्रिटी-नेम’ या ओळीत वितरकाने आपले नाव देवनागरीत लिहिण्यास मानकाची कोणतीही आडकाठी नाही. यंत्रासाठीचे नाव रोमन राहील, राहू द्यावे; पण शाळेत वा वाचनालयात संगणक उघडणाऱ्या मुलाला आपल्या यंत्राचे नाव आपल्या लिपीत वाचता यावे, एवढी जागा मानकाने ठेवलेली असताना ती आपण रिकामी का ठेवावी? महाराष्ट्रात पुढे जे कोणी शाळांसाठी, ग्रामपंचायतींसाठी किंवा ग्रंथालयांसाठी स्वतःचा संच सिद्ध करतील, त्यांनी स्वतंत्र ‘आयडी’, खरा वंश, खरी मुदत आणि मराठी नाव या चार गोष्टी पहिल्याच दिवशी लिहाव्यात, अशी माझी त्यांना विनंती आहे. दुसऱ्याचा संच उचलून केवळ भिंतीवरचे चित्र बदलायचे आणि ओळखीच्या ओळी तशाच ठेवायच्या, ही रीत आळसाची तर आहेच, परंतु तिच्यामुळे दोष आपला आणि तक्रार मूळ वितरकाच्या दारी असा अन्यायही घडतो. दोष कोठे कळवावा हे सांगणारी वेगळी ओळ या मानकात आहे ती याचसाठी.

पुस्तिकेची मांडणी विषयाला धरून आहे. पहिल्या प्रकरणात वितरणांची घराणी, दुसऱ्यात जुन्या ओळखफाइली व त्या वाचण्याची रीत, तिसऱ्यात ‘ओएस-रिलीज’मधील प्रत्येक ओळीचा तपशील, चौथ्यात कंटेनरसारख्या नव्या व्यवस्थेत एकाच गाभ्यावर अनेक वितरणे नांदत असता कोणाला कोणाचे नाव विचारावे याचे विवेचन, आणि अखेरच्या प्रकरणात कार्यालयाने आपल्या यंत्रांची नोंदवही कशी ठेवावी याचा नमुना दिलेला आहे. वाचकाने शेवटच्या प्रकरणाकडे विशेष लक्ष द्यावे. कारण मानक जगाने केले तरी त्याचा उपयोग ज्याच्या त्याच्या टेबलावरच व्हावयाचा असतो. आपल्या कार्यालयातील प्रत्येक यंत्राची ही फाइल एकदा उघडून, तिच्यातील नाव, आवृत्ती व मुदत नोंदवहीत उतरून घेऊन, जिची मुदत संपली आहे त्या प्रणालीच्या बदलीचा प्रस्ताव वरिष्ठांकडे पाठवणे, एवढे काम मोताळ्यातील एकाही कर्मचाऱ्याने या पुस्तिकेच्या आधाराने पार पाडले, तर ती लिहिण्याचा हेतू सफल झाला असे मी मानीन.

मोताळा, जि. बुलढाणा